स्तिपेकाकांची लिटनी

माझी मुलगी यंदा शाळेच्या कॉयरमध्ये गेली आणि पहिल्याच आठवड्यात तोंड पाडून घरी आली. तिला वरच्या आवाजांत न घेता मधल्या आवाजांत बसवलं होतं. "वुई नेव्हर गेट द ट्यून, बाबा," ती म्हणाली. चाल दुसऱ्यांनी गायची आणि आपण नुसती भर घालायची, अशी तिची तक्रार. मी म्हटलं, "भर घालणं चाल गाण्यापेक्षा अवघड असतं."

"हाउ वुड यू नो?"

प्रश्न रास्त होता. मी पेरोलमध्ये, म्हणजे पगारांच्या हिशेबात, काम करतो, टार्निटच्या उपनगरातून ट्रेनने शहरात जातो आणि येतो, आणि आमच्या घरात मला कोणी गाताना ऐकलेलं नाही. म्हणून मी तिला स्तिपेकाकांची गोष्ट सांगायला बसलो. ती अर्ध्यातच बास्केटबॉलला निघून गेली. माझं सांगणं राहून गेलं, ते इथे लिहितो.

ती विद्यार्थ्यांच्या लाटेची वर्षं होती. पुण्या-मुंबईची, सांगली-कोल्हापूरची मुलं अकाउंटिंगला, कुकरीला, हेअरड्रेसिंगला येत होती, आणि कोणत्या कोर्सने पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, लवकर मिळेल याची गणितं ट्रेनमध्ये मोठ्याने चालायची. मी अकाउंटिंगला आलो होतो. माझा रूममेट मकरंद इस्लामपूरचा. तो कुकरीला आला होता, आणि त्याने घरी कधी चहासुद्धा केलेला नव्हता. सेंट ऑल्बन्सच्या उपनगरात एका घराच्या मागच्या युनिटमध्ये आम्ही चौघे राहायचो. पुढच्या घरात मालक राहायचे, स्तिपे आणि त्यांची बायको नेदा. दोघं क्रोएशियातल्या एका छोट्या बेटावरची. तरुणपणीच इथे आलेली. स्तिपेंनी सगळी नोकरी पत्रा दाबायच्या प्रेसवर केली होती. आता रिटायर होऊन टोमॅटो लावायचे. आम्ही पहिल्या दिवशी त्यांना 'अंकल' म्हटलं, तर ते म्हणाले, "मी कोणाचा अंकल? स्तिपे म्हण." साठी उलटलेल्या माणसाला नुसतं नावाने हाक मारणं आमच्या जिभेला जमेना. शेवटी स्तिपेकाका आणि नेदाकाकू अशी तडजोड झाली.

त्यांचं इंग्रजी फॅक्टरीत शिकलेलं होतं, क्रियापदं कमी आणि 'मेट' जास्त. इथे मी ते मराठीत लिहितो आहे, त्यामुळे ते होते त्यापेक्षा जरा सुशिक्षित वाटतील. त्याला इलाज नाही.

मकरंदचा आवाज ही आमच्या युनिटची एकमेव मालमत्ता. गावच्या भजनी मंडळात तो वाढलेला. आवाज इतका खालचा की फोनवर त्याची आई आधी विचारायची, "सर्दी झालीय का रे?" त्या वर्षी आम्ही टीव्हीच्या स्टँडवर गणपती बसवला आणि खिडक्या लावून आरती सुरू केली. दार उघडं होतं. आरती संपली तेव्हा दारात स्तिपेकाका उभे होते, पायात गमबूट, हातात पाणी ठिबकणारा होज. आम्हाला वाटलं, आवाजाबद्दल बोलणी बसणार.

"तो खालचा आवाज कोणाचा?" त्यांनी विचारलं.

आम्ही मकरंदकडे बोट दाखवलं. स्तिपेकाकांनी मोदक खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाले, "बुधवारी सात वाजता. माझं गॅरेज. तूपण ये." हे शेवटचं मला. मी म्हटलं, मला गाता येत नाही. ते म्हणाले, "पाहिलं मी. तू वेळेवर टाळी देतोस. मला मोजणारा माणूस हवा."

माझी संगीतातली नेमणूक अशी मोजण्यासाठी झाली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

गॅरेजमध्ये त्यांच्या क्लबचा कॉयर जमायचा. सगळे त्यांच्याच बेटावरचे किंवा आजूबाजूचे. आम्ही दोघं गेल्यावर कॉयरचं सरासरी वय एकदम खाली आलं, तरी ते साठच्या आसपास असावं. टोमॅटोच्या क्रेटवर बसून सगळे गायचे, आणि स्तिपेकाका सुताराची घडीची लाकडी मोजपट्टी उघडून हात चालवायचे. बेसूर झालं की ते ओरडायचे नाहीत, खायला द्यायचे. पोट रिकामं असलं की सूर वर चढतो, असा त्यांचा सिद्धांत होता. नेदाकाकू पालकासारख्या भाजीत बटाटे, लसूण आणि भरपूर ऑलिव्ह ऑइल घालून आणायच्या. मकरंद खिशातून लाल तिखटाची पुडी काढायचा. आमच्याइतकं बेसूर कोणीच गात नव्हतं, त्यामुळे आमचं त्या वर्षी वजन वाढलं.

पहिल्या बुधवारी आम्ही चपला गॅरेजबाहेर काढल्या. गाणार होतो देवाचं. मकरंदने आईला फोनवर विचारून घेतलं होतं, दुसऱ्यांच्या देवाचं म्हटलं तर चालेल का. ती म्हणाली, "देवाचंच आहे ना? मग म्हण की. पण चपला काढून म्हण." इथे हिवाळा नुकता सरलेला, सप्टेंबरातली थंड काँक्रीटची जमीन, आणि आम्ही नुसत्या मोज्यांवर. स्तिपेकाका पायांकडे बघत राहिले. पुढच्या बुधवारी आमच्या दोन क्रेटपुढे जुन्या कार्पेटचा तुकडा अंथरलेला होता.

आता मायेस्त्रोबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय स्तिपेकाका सांगून होणार नाहीत. मायेस्त्रो फ्राने हा त्यांच्या बेटावरचा संगीतकार, अठराव्या शतकातला. दोर वळणाऱ्याचा मुलगा. बिशपने त्याला व्हेनिसला शिकायला पाठवला, आणि तो शिकून चक्क परत आला. याचं स्तिपेकाकांना फार कौतुक. त्याला व्हिएन्नाहून बोलावणं आलं होतं म्हणे, पण तो गेला नाही. "व्हिएन्नात सगळ्यांना संगीत येतं, मेट. आमच्या बेटावर कोणाला येत होतं? मग गरज कुठे?" मकरंद हळूच मला म्हणाला, "आपण दोघं उलटं करून बसलो की रे." मी त्याला गप्प बसवलं.

मायेस्त्रोच्या रचनांचा आकडा दर वेळी वेगळा असायचा. एकदा चाळीस, एकदा सत्तर. मी विचारलं, "काका, नक्की किती?" ते म्हणाले, "चाळीस सकाळी. वाइननंतर सत्तर." त्याच्या मरणानंतर बरेचसे कागद खिडक्यांच्या फटींत गेले. तिकडे हिवाळ्यात उत्तरेचा वारा असा सुटतो की फटीत काय कोंबलं हे कोणी बघत नाही. जे कोणाला पाठ नव्हतं ते गेलं. एक लिटनी मात्र दर वर्षी गावच्या संताच्या सणाला गायची प्रथा होती, म्हणून ती राहिली. लिटनी म्हणजे आपल्या नामावलीसारखी. एक जण देवमातेचं एकेक नाव घेतो आणि बाकीचे प्रत्येक नावाला 'ओरा प्रो नोबिस' म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर. मायेस्त्रोने ते उत्तर चार आवाजांत बांधलं होतं, आणि बेटावर जे आवाज हाताशी असतील त्याप्रमाणे तो ते बदलायचा. एका वर्षी माणसं मासेमारीला गेलेली, तर त्याने बायकांपुरतं करून दिलं. एका म्हाताऱ्या कोळ्याला वरचा सूर जाईना, तर त्या एकट्यासाठी त्याने एक ओळ खाली आणली. ही गोष्ट स्तिपेकाका इतक्या अभिमानाने सांगायचे, की तो कोळी त्यांचा नातेवाईक असावा असं मला वाटायचं.

लहानपणी त्यांनी स्वतः ती लिटनी गायली होती. पुढे गाव रिकामं झालं, तरुण माणसं इथे नाहीतर जर्मनीला गेली, आणि तिकडे गाणारं कोणी उरलं नाही. तिथल्या पाद्रींनी त्यांना चारही आवाजांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या. पुढच्या ऑगस्टमध्ये, सणाच्या रविवारी, ती क्लबच्या हॉलमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत गायची, हे त्यांनी ठरवलं होतं. घाई होती, कारण त्यांचे कान चालले होते. तीस-पस्तीस वर्षं प्रेसशेजारी उभं राहिल्याचा तो परिणाम. हे आम्हाला नेदाकाकूंनी सांगितलं. "त्याला ती एकदा ऐकायची आहे," त्या म्हणाल्या. "मग कान बंद झाले तरी चालतील, म्हणतो. मला नाही चालणार, पण मला कोण विचारतं!"

शब्दांची आम्हाला भीती होती, पण ते सगळ्यात सोपं निघालं. लॅटिन देवनागरीत लिहून काढलं की जसं लिहिलं तसं वाचायचं. स्तिपेकाका खूश. "इथे जन्मलेल्या पोरांना जमत नाही, आणि हे बघा!" सुरांसाठी मकरंदने आपली सोय केली. काका ओळ गाऊन दाखवायचे, तो ती सारेगममध्ये बसवायचा आणि मला शिकवायचा. मी मात्रा मोजायचो. आम्ही दोघंच गायलो तर अगदी बिनचूक.

सगळे मिळून गायला लागले की मात्र आमचं बिघडायचं, आणि ते दर बुधवारी एकाच तऱ्हेने बिघडायचं. आपल्या भजनात चाल एकच. बायका वर गातात, पुरुष खाली, पण सगळे त्याच वाटेने चालतात. इथे चाल बायकांकडे, आणि आम्हाला तिच्या खालून भलतीच वाट, म्हणजे बेस, धरायची होती. चाल कानावर पडते आहे, ओळखीची झाली आहे, गोड आहे, आणि तिच्याकडे वळायचं नाही! चौथ्या-पाचव्या नावापर्यंत आम्ही तग धरायचो. मग मकरंद अलगद आपली ओळ सोडून चालीवर जायचा, आणि त्याच्या मागोमाग मी. मोजपट्टी क्रेटवर आपटायची. "बेस! बेस! कुठे निघालात?"

"काका, पाय आपोआप वळतात," मकरंद म्हणायचा.

"पाय? तोंडाने गातोस ना?" आणि वर बटाट्याची भाजी.

मेच्या सुमाराची गोष्ट. कॉयरमध्ये वरचा आवाज मुख्यतः नेदाकाकूंचा. आवाज बारीक पण स्वच्छ, स्टीलच्या भांड्यावर चमचा लागावा तसा. स्तिपेकाकांनी मध्येच हात थांबवला. "नेदा, गा की."

"गातेय."

"नुसते ओठ हलतायत. गा!"

"स्तिपे, मी गातेय."

"मग मला का..." आणि ते थांबले. नेदाकाकू क्रेटवरून उठल्या, त्यांच्यासमोर हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या आणि पूर्ण ओळ गायल्या. स्तिपेकाका त्यांच्या ओठांकडे बघत होते. ओळ संपल्यावर थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली. "हं. ठीक. चहा घेऊ या." त्या बुधवारी पुढे कोणी गायलं नाही.

कानाला मशीन लावून बघितलं होतं. मशीनमध्ये गाणं पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखं वाजतं, म्हणून सरावाला ते काढून ठेवायचे. वरचे सूर आधी गेले होते, खालचे अजून शाबूत होते. आमचं गाणं, म्हणजे त्यातल्या त्यात वाईट भाग, त्यांना उत्तम ऐकू येत होतं. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता ती चाल नाही.

तरीही बुधवार चुकला नाही. जूनमध्ये एकदा आम्ही नेहमीप्रमाणे घसरलो आणि चालीवर गेलो. मोजपट्टी आपटली नाही. मी वर पाहिलं. स्तिपेकाका हात हवेत धरून उभे होते.

"परत," ते म्हणाले.

आम्ही घाबरून परत गायलो, या वेळी एकदम बरोबर.

"नाही, नाही. ती चूक परत करा."

आम्ही चूक परत केली. मकरंदने त्या खर्जातल्या आवाजात नेदाकाकूंची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली, मी त्याच्या बाजूने. स्तिपेकाकांनी डोळे मिटले होते. संपल्यावर ते बराच वेळ मोजपट्टी घडी करत राहिले. मग म्हणाले, "छान. आता पुन्हा असं केलंत तर उन्हाळ्यात टोमॅटो मिळणार नाहीत. बेस घ्या."

त्या दिवशी सगळे गेल्यावर मकरंदने स्वयंपाकघरात विषय काढला. "काका, सणाच्या दिवशी आम्ही दोघं चालच गातो की. बेसला तीन जण आहेत अजून. तुम्हाला ऐकू येईल."

"मायेस्त्रोने तुमच्यासाठी बेस लिहिलाय."

"पण तुम्हाला..."

"माझे कान बिघडले म्हणून त्याची लिटनी बिघडवायची?"

नेदाकाकू भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला. काकांकडे वळून, अगदी समोर तोंड करून, सावकाश म्हणाल्या, "तुझा मायेस्त्रो एका कोळ्यासाठी ओळ बदलायचा. तुझ्यासाठी बदलणार नाही?"

आम्हाला वाटलं, संपलं, काकू जिंकल्या. पण स्तिपेकाका हटवादी माणूस. "तो बदलायचा," ते म्हणाले. "त्याने बदललं तर ती त्याची. मी बदललं तर ती माझी. मला माझी नको आहे." काकूंनी नळ पुन्हा सुरू केला. मला तर काकांचंच म्हणणं पटलं होतं. हिशेब दुसऱ्याचा असेल तर आपल्या सोयीसाठी त्यात हात घालू नये, असं मी आजही मानतो.

ऑगस्टचा तो रविवार उजाडला. तिकडे रणरणता उन्हाळा असतो, इथे हॉलमध्ये हीटर चार आणि चालू दोन. मागच्या अंगणात मेंढा भाजत होता आणि त्या धुराने सगळ्यांच्या कोटांना वास लागला होता. नेदाकाकू आमचे टाय बांधायला आल्या. मकरंदचा टाय बांधता बांधता म्हणाल्या, "शेवटच्या पानावर चुका."

"काय?"

"फक्त शेवटच्या. त्याच्याआधी नाही. जमेल ना?"

"काकू," मकरंद म्हणाला, "आम्हाला तेवढंच तर जमतं."

मी म्हटलं, "पण काका नको म्हणालेत."

नेदाकाकूंनी माझा टाय जरा जास्तच घट्ट आवळला. "तो मायेस्त्रोचा माणूस आहे. तुम्ही माझे आहात."

आम्ही गायलो. शेवटच्या पानापर्यंत मी आणि मकरंदने एकही सूर सोडला नाही. वर्षभरात पहिल्यांदाच, आणि तेही का, तर पुढे चुकायचं होतं म्हणून. मी मात्रा मोजत होतो, समोर मोजपट्टी चालली होती. पान उलटलं. मकरंदने श्वास घेतला आणि चालीवर गेला. मी गेलो. आणि मग, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आमच्या शेजारचे तिघे म्हातारेही आले. टेनरमधलेही, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजांतलेही, काही आले. काकू कोणाकोणाचे टाय बांधून आल्या होत्या कोण जाणे. वर बायका, खाली आम्ही सगळे, एकच चाल, एखाद्या गावच्या देवळात असावी तशी.

स्तिपेकाकांचा हात पहिल्या सुराला दचकला. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता इथेच थांबवणार. थांबवलं नाही. हात चालवत राहिले, मग हळूहळू हात लहान होत गेला, आणि शेवटची तीन-चार नावं तर आम्ही कोणी हात न देता गायली. ते नुसते उभे होते. संपल्यावर टाळ्या पडल्या. ते लोकांकडे वळलेच नाहीत. उशिराने कोणीतरी त्यांना खांद्याला धरून वळवलं.

पुढे माझी पीआर झाली, मी घर बदललं. मकरंद पर्थला गेला, तिथे आता त्याचं स्वतःचं किचन आहे. स्तिपेकाकांना मी नंतरही भेटलो, पण ते कागदावर लिहून बोलणं असायचं, आणि आता तर त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते त्याच दुपारचे.

सगळे जेवायला अंगणात गेले होते. काका दिसेनात म्हणून मी आत बघायला गेलो. हॉल रिकामा होता. ते आमच्या जागेवर, बेसच्या ओळीत, मकरंदच्या खुर्चीवर बसले होते आणि आपल्याच घोगऱ्या आवाजात चाल गुणगुणत होते. मला बघून थांबले.

"तिने सांगितलं ना तुम्हाला?"

मी मान हलवली.

"चुकीचं होतं ते."

"हो काका."

"फार चुकीचं." त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. मी बसलो. "मला वाटलं होतं, मी विसरलो ही. मधला तुकडा विसरलोच होतो." मग त्यांनी मोजपट्टी माझ्या मांडीवर ठेवली. "आता तू बेस म्हण. त्याने लिहिलाय तसा. मी वरचं म्हणतो."

मी एकट्याने कधी गायलो नव्हतो. त्यांनी चाल धरली, खाली, माझ्याच टप्प्यात, अगदी कानाजवळ. वळायची इच्छा झाली, पण वळलो असतो तर खाली कोणीच उरलं नसतं. मी मांडीवर बोटाने मोजत माझ्या ओळीवर राहिलो. बाहेरून नेदाकाकू हाका मारायला लागल्या, स्तिपे, स्तिपे, जेवण गार होतंय. त्यांना त्या ऐकू येत नव्हत्या. मला येत होत्या. मी गात राहिलो.